लग्नघरचे अन्न

कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागली, आळंदीची वारीही पदरात पडली, की आपल्याकडे माणसांच्या लग्नांचे दिवस सुरू होतात. चातुर्मासात थांबलेली कार्ये एकदम पुढे येतात. घराघरांतून याद्या होतात, मांडवाची, कार्यालयाची, आचाऱ्याची चौकशी होते. आणि या सर्व खटाटोपात जो प्रश्न सर्वांत जास्त रात्री जागवतो तो म्हणजे, जेवणात काय करायचे?

याच दिवसांत एका माळकरी शेतकरी बंधूंचे पत्र आमच्या हाती आले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. व्याह्यांकडील मंडळींचे म्हणणे असे की जेवण चालू पद्धतीचे पाहिजे, गोडाचे तीन-चार प्रकार पाहिजेत, परमुलखातले पदार्थही पाहिजेत. घरातील म्हातारी आई म्हणते, आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लग्नात गव्हाची खीर होते, ती झालीच पाहिजे. दोन्ही करायचे तर दुभती गाय विकावी लागेल. "माऊली, आम्ही काय करावे? व्याह्यांचे ऐकावे तर आई दुखावते, आईचे ऐकावे तर मुलीला सासरी बोल लागतो," असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

प्रश्न एका घराचा दिसतो, पण तो बहुतेक घरांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर खाजगी न देता येथेच सर्वांसमोर विचार करू.

अन्नाचा अधिकार

प्रथम अन्न ही काय वस्तू आहे ते पाहावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणाचा पुत्र भृगू ब्रह्माचा शोध घेऊ लागला, तेव्हा त्याला पहिली ओळख पटली ती अन्नाची. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या चढून गेला हे खरे, पण पहिली पायरी अन्नाची होती. तेथेच, अन्नाची निंदा करू नये आणि अन्न टाकू नये, ही व्रते म्हणून सांगितली आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आले. रसाळ, स्निग्ध, अंगी टिकणारा व मनाला रुचणारा तो सात्त्विक. फार तिखट, फार आंबट, फार खारट, जाळणारा तो राजस. शिळा, रस गेलेला, उष्टा तो तामस. ज्ञानोबारायांनी या श्लोकांवर किती प्रेमाने लिहिले आहे ते सतरावा अध्याय वाचणाऱ्यास ठाऊकच आहे.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या तिन्ही प्रकारांत कोठेही महाग आणि स्वस्त असा भेद नाही. पदार्थांची संख्याही मोजलेली नाही. विदुराघरच्या कण्या, सुदाम्याचे पोहे, द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे पान, यांची किंमत बाजारात काय झाली असती? पण देवाची तृप्ती झाली ती यांनीच. आणि आपल्या वारीत तरी दुसरे काय चालते? वाटेवरच्या गावची माऊली पिठले-भाकरी घेऊन उभी राहते, दिंडीची पंगत बसते, आणि त्या घासाची चव माणूस वर्षभर विसरत नाही.

तेव्हा लग्नाच्या अन्नाची पहिली कसोटी ही धरावी: जे अन्न आपण निःशंकपणे विठ्ठलापुढे नैवेद्य म्हणून ठेवू शकतो, ते लग्नाला योग्य. ज्यासाठी कर्ज काढले, ज्यावरून घरात भांडण झाले, आणि ज्यातले अर्धे उकिरड्यावर जाणार हे आधीच ठाऊक आहे, ते पान देवापुढे ठेवताना हात कापल्याशिवाय राहील काय?

घराचा पदार्थ कसा ठरतो

'आमच्यात लग्नाला हेच करतात' असे वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा तरुण मंडळींस तो हट्ट वाटतो. वस्तुतः त्या हट्टामागे जमिनीचा हिशेब असतो. ज्या मातीत जे पिकले तेच त्या घराच्या मंगलकार्यात आले.

सोलापूर, मंगळवेढा, लातूर, सांगली या बाजूस खपली गहू पिके. तो दळण्यापेक्षा कांडून शिजवण्यास चांगला. म्हणून तिकडे लग्नात गव्हाची खीर आली. तिलाच सीमेकडील लोक हुग्गी म्हणतात. तेथील काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी उत्तम, म्हणून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि प्रवासाला टिकणारी शेंगांची पोळी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, ते मानांकन आपल्या मनात त्याहून जुने आहे.

खानदेशात जावे तर लग्नाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, आणि कौतुकाचा पदार्थ म्हणजे खापरावरचे पुरणाचे मांडे. विदर्भात पाटवडीचा रस्सा, वडा-भात. कोकणात तांदूळ आणि नारळ, म्हणून घावन-घाटले, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. गोव्यात अनेक भाज्या एकत्र करून तिरफळ घातलेले खतखते आणि हरभऱ्याची डाळ, गूळ व नारळाचा रस यांचे मणगणे. देशावर पुरणपोळी आणि कटाची आमटी सर्वत्र. यांतला एकही पदार्थ मुळात श्रीमंतीचा देखावा म्हणून जन्मला नाही. रोजच्या धान्याला एका दिवसापुरता गूळ, तूप आणि जास्तीचे कष्ट मिळाले, की त्याचे पक्वान्न झाले.

म्हणून 'घरचा पदार्थ' याचा अर्थ आपली शेती, आपला ऋतू आणि आपल्या आयाबायांचे हात, असा समजावा. तो पानात असला म्हणजे मुलीला आपण कोठून निघालो ते कळते, आणि सुनेला आपण कोठे आलो ते कळते. लग्न हे दोन घरांचे असते; नुसती दोन माणसे एकत्र आणणे एवढेच त्यात नाही.

आमच्या घरी काय झाले

दुसऱ्यास सांगण्यापूर्वी आपली चूक सांगावी हे बरे. आमच्या थोरल्या मुलाचे लग्न वैशाखात झाले. तालुक्याच्या गावी कार्यालय घेतले आणि जेवणाचा मक्ता एका आचाऱ्यास दिला. त्याने बत्तीस पदार्थांची यादी समोर टाकली. आम्ही माळकरी, वारी करणारे. तरीही यादी पाहून आमच्या मनात आले की भावकीत कोणी एवढे केले नाही. आम्ही होकार दिला. पैसे कमी पडले ते उसने आणले.

आमच्या मातोश्रींनी दोन पायल्या खपली कडुनिंबाचा पाला घालून वर्षभर राखून ठेवली होती. नातवाच्या लग्नाच्या खिरीसाठी. चार दिवस आधी त्यांनी विचारले, "अरे, खीर कुठं शिजायची?" आम्ही घाईत म्हणालो, "आई, आता खीर कोण खातंय? गोडाचे चार प्रकार आहेत." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

लग्नाच्या दिवशी माणसे ताटे भरभरून घेत होती, दोन घास खाऊन ठेवत होती. मातोश्रींनी दही-भात खाल्ला. दुपारी चारच्या सुमारास वाजंत्री मंडळी जेवावयास आली. सकाळपासून ती मंडळी वाजवीत होती. तोवर गोड संपले होते, भाज्या संपल्या होत्या. गार भात आणि आमटीचे पाणी तेवढे उरले होते. आणि मागच्या बाजूस टाकलेल्या अन्नाच्या टोपल्या ओसंडत होत्या. आम्ही खाली मान घालून उभे राहिलो. मातोश्रींनी आपले गाठोडे सोडले, प्रवासासाठी आणलेल्या शेंगांच्या पोळ्या काढल्या आणि त्या सहा माणसांच्या पानांत एकेक वाढली. आम्हांस एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या लग्नाचे देणे फेडावयास तीन वर्षे लागली. खपलीचे काय झाले म्हणाल, तर दोन महिन्यांनी आषाढीला त्या ती पंढरपुरास घेऊन आल्या आणि दिंडीच्या स्वयंपाकात दिली. घरच्या लग्नात न शिजलेली खीर द्वादशीच्या पारण्याला वारकऱ्यांच्या पंगतीत शिजली. आम्हीही तेथे बसून ती खाल्ली. त्या घासाने जे शिकवले ते कोणत्याही कीर्तनात आम्हांस तितके उमगले नव्हते.

आता निवड कशी करावी

या अनुभवावरून आणि पुष्कळ लग्नांतल्या पंगती पाहून आम्ही काही नियम मनाशी बांधले आहेत.

पहिला नियम. प्रत्येक घराचा एकेक पदार्थ घ्यावा. मुलीकडचा एक, मुलाकडचा एक. बाकीचे पान साधे: वरण-भात, एक पातळ भाजी, एक सुकी भाजी, कोशिंबीर, चटणी, ताक. मुलीच्या बापाने व्याह्यांस आपण होऊन विचारावे, "तुमच्या घरी मंगलकार्याला काय करतात? तो एक पदार्थ आमच्या पानात असू द्या." मागणीचा सूर असतो तेथे मानाचा सूर येतो. पुष्कळ वेळा व्याह्यांची जी 'मागणी' म्हणून आपल्याला टोचते, ती आपल्याला कोणी विचारले नाही याचीच तक्रार असते.

दुसरा नियम. पदार्थ माणसांच्या संख्येला शोभेल असा निवडावा. पुरणपोळी उत्तम, पण एक किलो हरभऱ्याच्या डाळीत साधारण तीस ते चाळीस पोळ्या होतात, आणि प्रत्येक पोळी हाताने लाटून, सांभाळून भाजावी लागते. पाचशे माणसांना दोन-दोन म्हटल्या तरी हजार पोळ्या झाल्या. मग त्या आदल्या दिवशी करतात आणि वैशाखाच्या उन्हात पुरण आंबते. म्हणून पुरणपोळी आणि मांडे केळवणाला, देवकाच्या दिवशी, घरच्या पन्नास माणसांना करावेत. मोठ्या पंगतीला खीर, लापशी, शिरा असा एकाच भांड्यात शिजणारा पदार्थ घ्यावा.

तिसरा नियम. प्रमाण आधी बांधावे. गव्हाच्या खिरीचे आमचे प्रमाण असे: शंभर माणसांना सुमारे पाच किलो खपली, पाच ते सहा किलो गूळ, किलोभर सुके खोबरे, आणि सुंठ, वेलदोडा, जायफळ, खसखस बेताची. खपलीला पाण्याचा हात लावून ती उखळात कांडावी, कोंडा पाखडून टाकावा, रात्रभर भिजत घालावी आणि पहाटे मंद आचेवर चढवावी. दाणा बोटांनी चिरडला जाईपर्यंत गूळ घालू नये. गूळ आधी पडला की गहू शिजत नाही. दूध भांड्यात न घालता पानात वरून वाढावे, म्हणजे गुळाने फाटत नाही आणि उरलेली खीर टिकते. याशिवाय शंभर माणसांना आठ किलो तांदूळ, तीन किलो तूरडाळ, दहा-बारा किलो भाजी आणि किलोभर तूप पुरते. येवढ्याची बेरीज करून पाहावी. गाय विकावी लागणार नाही.

चौथा नियम. आरोग्य सांभाळावे. शिजलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांत वाढले जावे, नाहीतर वाफाळते गरम ठेवावे. उरलेला भात दिवसभर तसाच ठेवून पुन्हा तापवला म्हणजे निर्दोष होतो हा समज चुकीचा आहे. त्यात एकदा धरलेले विष तापवून जात नाही. पिण्याचे पाणी झाकलेले व खात्रीचे असावे. आजकाल घरोघरी मधुमेहाची माणसे आहेत. त्यांना गोडाचा आग्रह हा प्रेमाचा नव्हे. त्यांच्यासाठी भाकरी आणि पालेभाजी मुद्दाम करावी आणि लाज न वाटेल अशा रीतीने वाढावी. ज्वारी-बाजरीची थोरवी सांगण्यासाठी २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. आपल्या पंगतीतली भाकरी मात्र आपणच मागे सारली होती.

पाचवा नियम, आणि हाच मुख्य. पहिल्या पानात जे वाढले तेच शेवटच्या पानात असले पाहिजे. वाजंत्री, आचाऱ्याच्या हाताखालची माणसे, मांडव घालणारे, गाड्यांचे चालक, कार्यालय झाडणाऱ्या बाया, यांची संख्या यादीत प्रथम लिहावी, मग पाहुण्यांची. यजमान पती-पत्नींनी शेवटच्या पंगतीत त्यांच्याबरोबर बसावे. मग कोणता पदार्थ किती करायचा याचा हिशेब आपोआप नीट होतो.

जुने सगळेच घ्यावे काय?

येथे कोणी म्हणेल, जुन्याचे एवढे कौतुक कशाला? जुन्या पंगतींत काय सगळे गोड होते? शंका रास्त आहे. नव्हते. जुन्या पंगतींत जातीप्रमाणे पाने मांडली जात. कोणी ओटीवर, कोणी अंगणात, आणि कोणी कुंपणाबाहेर, तेही सगळ्यांचे उरकल्यावर. जिने दिवसभर चुलीपुढे घाम गाळला ती सून शेवटी उरलेसुरले खाई. ज्ञानदेवादी भावंडांची गोष्ट आपण जाणतोच. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते, तर विसोबा चाटी यांनी कुंभारांकडून खापरसुद्धा मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानोबांनी आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, असे परंपरा सांगते. पुढे तेच विसोबा शरण आले आणि नामदेवरायांचे गुरू झाले. या गोष्टीत चमत्कार जितका पाहावा तितकाच, अन्न अडवणे हे किती मोठे पाप आहे हेही पाहावे.

नाथबाबांनी श्राद्धासाठी शिजवलेले अन्न भुकेल्या अंत्यजांना वाढले, ही त्यांच्या चरित्रातली कथा आपण कीर्तनातून ऐकतो आणि डोळे पुसतो. पण ज्या पंढरीत गोपाळकाला वाटला जातो, तेथील मंदिराचे दार हरिजनांना उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. हे आपण विसरू नये. काल्यामध्ये प्रत्येकाच्या शिदोरीतला घास एकत्र होतो; कोणाचे दही, कोणाच्या लाह्या, कोणाचे लोणचे हे ओळखू येत नाही. आपल्या लग्नाच्या पंगतीचा आदर्श तो काला आहे.

म्हणून जुन्यातील पदार्थ घ्यावा, पंगतीतला भेद टाकावा. आजीची खीर घ्यावी, आजीला सर्वांच्या शेवटी जेवावे लागे ती रीत घेऊ नये.

काही शंका आणि त्यांचे समाधान

शंका: पलीकडची मंडळी माळकरी नाहीत. हळदीच्या दिवशी त्यांच्यात बकऱ्याचे जेवण असते. आपण काय करावे?

समाधान: आपल्या मांडवात आपला नेम चालेल, हे सोयरीक ठरतानाच हात जोडून सांगावे. ऐनवेळी सांगण्याने तंटा होतो. त्यांच्या घरी त्यांनी काय करावे याचा न्याय करण्यास आपण बसू नये. माळ आपल्या गळ्यात आहे. ती दुसऱ्याला मारण्यासाठी नाही. मात्र मुलगी माळकरी असेल तर तिचा नेम सासरी पाळला जाईल एवढा शब्द आधी घ्यावा. हा शब्द जेवणाच्या बत्तीस पदार्थांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

शंका: कांदा-लसूण चालेल काय?

समाधान: पुष्कळ वारकरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करतात, म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात. लग्ने बहुतेक चातुर्मासाबाहेर असतात, तेव्हा याचा आग्रह धरू नये. तथापि कायमचा नेम असणारी माणसे पंगतीत असतातच. वरण आणि एक भाजी कांदा-लसणाविना केली म्हणजे त्यांना 'आम्हाला काही चालत नाही' असे म्हणत उपाशी बसावे लागत नाही. नैवेद्याचे पान तर तसेच असावे.

शंका: मुहूर्त एकादशीचा आला तर?

समाधान: शक्य तर दुसरा दिवस पाहावा. नसेल तर वारकऱ्यांची वेगळी फराळाची पंगत करावी. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळे, राजगिरा. त्यात भगरीबाबत फार सावध असावे. जुन्या किंवा दमट भगरीला आणि विशेषतः तिच्या साठवलेल्या पिठाला बुरशी येते, व त्यातून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्याकडे उपवासाच्या दिवशी वारंवार घडल्या आहेत. भगर ताजी, बंद पुड्यातील घ्यावी, निवडून स्वच्छ धुवावी, पीठ करून ठेवू नये.

शंका: पंगत की उभ्याने जेवण?

समाधान: जागा आणि माणसे पाहून ठरवावे. उभ्याने जेवण्यात पाप नाही. पण त्यात म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकुरवाळ्यांचे हाल होतात, आणि एकदम भरून घेतलेले ताट टाकून दिले जाते. पंगतीत थोडे थोडे वाढता येते, म्हणून अन्न वाचते. दिंडीत चारपाचशे माणसांची पंगत कशी बसते, किती शिस्तीत उठते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वाढावयाला माणसे नाहीत अशी अडचण असेल तर आपल्याच दिंडीतील तरुणांना सांगावे. सेवा म्हणून येणाऱ्याचा हात सैलही नसतो आणि आखडताही नसतो.

शंका: घरचा पदार्थ करणारे माणूसच उरले नाही. आता काय?

समाधान: या शंकेचे उत्तर आम्हांस आमच्याच घरी मिळाले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

धाकट्या मुलीचे लग्न ठरले तोवर मातोश्री पंढरीनाथाच्या पायाशी गेल्या होत्या. या खेपेस खीर करायचीच असे आम्ही ठरवले. केळवणाला करून पाहिली, तर दाणा दगडासारखा टणक राहिला. घरातील कोणालाच कारण सांगता येईना. एवढ्या वर्षांत आम्ही ती फक्त खाल्ली होती, शिकलो नव्हतो. तेव्हा आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सासरी जाऊन चाळीस वर्षे झाली, त्या पुढे झाल्या. म्हणाल्या, "गूळ आधी घातलास. आई आधी दाणा दाबून बघायची, मग गुळाला हात लावायची. सर, मी करते." आणि त्यांनी ती केली.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की घराचा पदार्थ पुष्कळदा घरात राहतच नाही. तो घरातून दिलेल्या लेकीबरोबर जातो. जो तो म्हणतो, आमच्या कुळाची रीत. पण ती रीत सांभाळते आत्या. म्हणून ज्यांच्या घरी विसर पडला असेल त्यांनी आत्याकडे, मावशीकडे, गावातल्या म्हाताऱ्या शेजारणीकडे जावे, बसून विचारावे, आणि वहीत लिहून ठेवावे. नुसते बायकांनीच शिकावे असेही नाही. दिंडीत भाताची हंडी पुरुषच उतरवतात, तर घरी खिरीचे भांडे उतरवण्यात कसला कमीपणा?

त्या लग्नात पानात आमची खीर होती आणि व्याह्यांच्या घरची पाटवडी होती. गोडाचा दुसरा प्रकार नव्हता. वाजंत्र्यांच्या पंगतीत आम्ही दोघे बसलो. शेवटी भांड्याच्या तळाला जी खीर उरली ती विहीणबाईंनी डबा मागून नेली. लोक काय म्हणतील ही आमची मोठी काळजी होती. लोकांनी एवढेच विचारले, "खपली कुठली?"

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना

माऊली, आता तुमच्या पत्राकडे येतो. गाय विकू नका. तिचे दूध खिरीवर वाढायचे आहे. आईंना सांगा, खीर होणार, आणि तिचे प्रमाण आजच मुलीला आणि मुलाला दोघांना सांगून ठेवा. मग व्याह्यांकडे स्वतः जा. निरोप पाठवू नका, मध्यस्थ घालू नका. त्यांच्या ओसरीवर बसून म्हणा, "आमच्या घरची खीर आहे, तुमच्या घरचा एक पदार्थ सांगा; तो आमच्या आया-बहिणी तुमच्या माणसांकडून शिकून करतील. याहून जास्त आमची ऐपत नाही, आणि कर्जाचा घास तुम्हांला वाढणे आम्हांस बरे वाटत नाही." आपली ऐपत उघड सांगण्यात कमीपणा नाही. लपवण्यात आहे, कारण ती पुढे मुलीच्या तोंडून बाहेर पडते आणि तेव्हा तिलाच जास्त लागते.

एवढे सांगूनही समोरची माणसे ऐकणार नाहीत, असे कदाचित होईल. तसे झाले तर ते लग्नाआधी कळले हे बरेच झाले. जेथे साध्या पानाला मान नाही तेथे साध्या घरच्या मुलीला किती मान राहील, याचा विचार बापाने करावयास हवा. पण आमचा अनुभव असा आहे की शंभरात बहुतेक माणसे ऐकतात. त्यांच्याही घरी एक म्हातारी असते, तिलाही कोणी तरी विचारावे असे वाटत असते.

अरणचे सावतोबा आपल्या मळ्यात राबता राबता विठ्ठलाला पाहत होते. त्यांच्या संप्रदायातले आपण लोक, आपल्याला मळ्यातल्या भाजीची आणि रानातल्या गव्हाची लाज का वाटावी? लग्नाच्या दिवशी पहिले पान देवाला, दुसरे कामकऱ्याला, मग पाहुण्यांना, असा क्रम ठेवा. पानात थोडेच असू द्या, पण ते आपले असू द्या. पंगत बसली की पुंडलीकाचा जयघोष करा आणि सर्वांच्या बरोबर पहिला घास घ्या.

रामकृष्णहरि.